फॉस्फो-स्टॅट-१ चा बँड येत नाही? नवी अँटिबॉडी मागवण्याआधी हे तपासा

पेशींना इंटरफेरॉन गॅमा (प्रतिकारशक्तीचं संदेश-प्रथिन) द्यायचा आणि स्टॅट-१ वर (तो संदेश केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनावर) बसलेला फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटवर दाखवायचा. म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, मेंब्रेन या पातळ पडद्यावर उतरवायची (हा ट्रान्सफर), आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधायचं; प्रत्येक नमुन्याच्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, ते बँड होऊन दिसतं. प्रोटोकॉल वाचताना प्रयोग सोपा वाटतो. सोलापुरातल्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सी-पीएचडीची नवी मुलं दरवर्षी तो लावतात, आणि मार्च उलटला की तीच तक्रार सुरू होते: "मॅडम, अँटिबॉडी गेली." बहुतेक वेळा ती गेलेली नसते. हा बिघाड निस्तरता निस्तरता तपासण्यांचा एक क्रम बसून गेला आहे, तो इथे देते. आधी फुकटच्या तपासण्या, मग पाच मिनिटांच्या, मग दिवस खाणाऱ्या, आणि अगदी शेवटी पैसे खर्चायच्या.

लक्षणं

ब्लॉटवर यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. त्यावरून निम्मी उत्तरं मिळतात.

- काहीच नाही. फॉस्फो (फॉस्फेट लागलेला स्टॅट-१) नाही, टोटल स्टॅट-१ (फॉस्फेट असो-नसो, सगळा) नाही, ॲक्टिनसुद्धा (सगळ्या पेशींत असणारं, तुलनेसाठीचं प्रथिन) नाही. मेंब्रेन कोरं.
- ॲक्टिन छान, टोटल स्टॅट-१ छान, फक्त फॉस्फोच्या लेन रिकाम्या. सगळ्यात जास्त तक्रारी याच.
- इंटरफेरॉन न दिलेल्या लेनमध्येही दिलेल्या लेनइतकाच बँड.
- सगळं मेंब्रेन काळं, बँड त्यात बुडालेला.
- बँडच्या जागी पांढरी पोकळी आणि तिच्या कडेने काळी रेघ.
- काही महिने उत्तम चाललेला बँड हळूहळू फिका पडत गेला.

८४ आणि ९१ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) खाली-वर दोन बँड दिसले तर तो बिघाड समजू नका. स्टॅट-१ चे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार पेशीत असतात. अल्फा ७५० अमिनो आम्लांचा, बीटा ७१२ चा. टायरोसीन ७०१ (७०१ व्या जागेवरचं अमिनो आम्ल) दोघांतही आहे, म्हणून त्या जागेचा फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी दोन्ही बँड दाखवते. सेरीन ७२७ मात्र फक्त अल्फामध्ये आहे, त्यामुळे त्या जागेची अँटिबॉडी एकच बँड देईल. हे माहीत नसल्यामुळे चांगला आलेला ब्लॉट "नॉन-स्पेसिफिक" म्हणून बाजूला पडलेला मी पाहिला आहे.

लेबल वाचा

खर्च शून्य. डेटाशीट आणि ट्यूब दोन्ही समोर घ्या. अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात बनवली आहे, कोणत्या प्रजातीच्या प्रथिनाला ओळखते, वेस्टर्नसाठी तपासलेली आहे की फक्त फ्लो सायटोमेट्रीसाठी, आणि कोणत्या जागेचा फॉस्फेट ओळखते, एवढं बघा. प्रायमरी (प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) सशातली असेल तर सेकंडरी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी) अँटी-रॅबिटच हवी. एकाच खोक्यात दोघातिघांच्या सेकंडरी राहत असतील तर ही गफलत हमखास होते.

इंटरफेरॉनच्या ट्यूबचं लेबलही त्याच वेळी वाचा. इंटरफेरॉन गॅमा प्रजाती बघून काम करतो. मानवी इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींवर चालत नाही आणि उंदराचा मानवी पेशींवर. टीएचपी-१ किंवा हेला पेशी मानवी आहेत, रॉ २६४.७ उंदराच्या. शेजारच्या लॅबमधून उसना आणलेला मानवी इंटरफेरॉन रॉ पेशींना दिला तर टोटल स्टॅट-१ झकास दिसेल आणि फॉस्फोची लेन कोरी राहील. दुसऱ्या लक्षणाचं हे सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

अंधारात एक थेंब

पहिलं लक्षण असेल तर इथून सुरुवात करा. एका छोट्या ट्यूबमध्ये थोडं ताजं मिसळलेलं ईसीएल (एचआरपीमुळे उजेड देणारं द्रावण) घ्या, डार्करूमचा दिवा बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि त्यात एचआरपी हे एन्झाइम लावलेल्या सेकंडरीचा अगदी थोडा अंश टाका. निळसर उजेड चमकला तर सेकंडरी आणि ईसीएल दोन्ही जिवंत आहेत. चमकला नाही तर दोघांपैकी एक मेलंय. मग दुसऱ्याची सेकंडरी किंवा ईसीएल घेऊन अदलाबदल करून बघा.

सेकंडरी मरण्याचं नेहमीचं कारण सोडियम अझाइड. प्रायमरी टिकावी म्हणून लोक तिच्या डायल्यूशनमध्ये अझाइड घालतात आणि ते तिथे ठीकच आहे. पण अझाइड एचआरपीला बंद पाडतो. मेंब्रेन नीट न धुता सेकंडरी टाकली, किंवा त्याच सवयीने सेकंडरीतही अझाइड घातला, की सगळा ब्लॉट आंधळा होतो. सेकंडरीत अझाइड कधीच नको. आणि अझाइडचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. शिशाच्या किंवा तांब्याच्या नळीत त्याचे स्फोटक क्षार साचतात, आणि ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

पांढऱ्या पोकळ बँडचं कारण याच्या बरोबर उलट. तिथे एचआरपी इतकं जास्त झालंय की फोटो घेईपर्यंत त्या जागचं ईसीएल संपून गेलं. सेकंडरी आणखी पातळ करा किंवा प्रथिन कमी लोड करा.

पाँसो

ट्रान्सफर झाल्यावर मेंब्रेन पाँसो-एस या प्रथिनं रंगवणाऱ्या लाल रंगात मिनिटभर बुडवा. सगळ्या लेनमध्ये सारख्या लालसर पट्ट्या दिसल्या तर ट्रान्सफर झालाय. एका कोपऱ्यात गोल पांढरा डाग असेल तर तिथे हवेचा बुडबुडा होता. पट्ट्याच नसतील तर पुढे अँटिबॉडी वाया घालवू नका, ब्लॉट तिथेच थांबवा. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचं मेंब्रेन असेल तर ते आधी मिथेनॉलमध्ये भिजवलं होतं का आणि मध्येच कधी वाळलं का, एवढं विचारा. पाँसोचा फोटो वहीत चिकटवण्याची सवय लावा, पुढे कोणी मदत करायला बसलं की पहिली मागणी त्याचीच होते.

बफर, आणि सोलापूरचा उन्हाळा

प्रोटोकॉलमध्ये "रूम टेम्परेचरला एक तास" लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २०-२५ अंश असतात. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना एसी नसलेल्या खोलीत शेकरवर ठेवलेलं मेंब्रेन त्या तापमानाला नसतंच. याचे चार ठिकाणी परिणाम होतात.

पहिला, ट्रिसचा पीएच. ट्रिस बफर तापला की त्याचा पीएच खाली येतो, दर अंशाला साधारण ०.०२८. २५ अंशाला ७.६ ला आणलेला टीबीएस (ट्रिस आणि मिठाचा बफर) ४० अंशाला ७.२ च्या आसपास असतो. पीएच लावताना बाटली गार होती की तापलेली, हे कोणी लिहून ठेवत नाही आणि मग दोन बॅचचे ब्लॉट जुळत नाहीत. पीएच लावतानाचं तापमान बाटलीवरच लिहा.

दुसरा, जेल. उन्हाळ्यात एपीएस आणि टेमेड ही जेल धरवणारी रसायनं घातल्यावर जेल इतक्या झटपट धरतं की ओतता ओतता गुठळ्या होतात. बँड वाकडे येतात आणि वेल (नमुना भरायचे खड्डे) फाटतात. ॲक्रिलामाइडचं मिश्रण आधी बर्फात गार करून घ्या. स्टॅट-१ साठी ८ टक्क्यांचं जेल पुरतं. ॲक्रिलामाइड जेल धरण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं, तेव्हा उकाडा कितीही असो, हातमोजे काढायचे नाहीत.

तिसरा, ट्रान्सफर. १०० व्होल्टला तासभर चालणारी टाकी इथे फार लवकर तापते. बर्फाची लादी आत ठेवा, बाहेरून बर्फ भरा, आणि अर्ध्या तासाने एकदा बदला. लॅबचं आइस मशीन उन्हाळ्यात मागणीला पुरत नसेल तर बाहेरच्या फॅक्टरीतला बर्फ टाकीच्या बाहेर चालतो. बफरमध्ये मात्र तो टाकू नका.

चौथा, प्रायमरी. उन्हाळ्यात ती रात्रभर ४ अंशालाच लावा. फ्रीजमध्ये शेकर मावत नसेल तर छोट्या पिशवीत मेंब्रेन सीलबंद करून आडवी ठेवा, पण खोलीच्या तापमानाला तासाभरात उरकण्याचा मोह टाळा. तापल्यावर अँटिबॉडी कुठेही चिकटते, पार्श्वभूमी काळी होते, आणि पातळ केलेल्या द्रावणात जंतूही लवकर वाढतात.

पाण्याचं सांगायचं तर सोलापुरात नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येतं आणि ते टाकीत साठवलेलं असतं. क्षारही भरपूर. बफरला डिस्टिल्ड किंवा चांगलं आरओ-डीआय पाणीच घ्या, आणि काचेची भांडी शेवटी त्याच पाण्याने खळबळून घ्या. टाकीतलं पाणी संपलं म्हणून शेवटचं धुणं उरकलं तर तेच पुढे मेंब्रेनवर ठिपके बनून उमटतं.

ब्लॉकिंगबद्दल (अँटिबॉडीआधी मेंब्रेनची मोकळी जागा प्रथिनाने झाकण्याबद्दल) दोन मतं आहेत, माझं सांगते. फॉस्फो अँटिबॉडीसाठी दूध पावडर नको, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे, त्यामुळे पार्श्वभूमी वाढू शकते. त्याच कारणाने फॉस्फेट असलेल्या पीबीएसऐवजी टीबीएस वापरा. काही अँटिबॉडींची डेटाशीट दूध चालतं म्हणते, तिथे डेटाशीटचं ऐका. आम्ही मात्र फॉस्फोसाठी नेहमी ५ टक्के बीएसए, टीबीएस आणि ०.१ टक्का ट्वीन (सौम्य डिटर्जंट) हेच धरून चालतो.

सॅम्पल: इथेच बहुतेकांचा फॉस्फेट हरवतो

इथवर सगळं ठीक असेल, टोटल स्टॅट-१ दिसत असेल आणि फॉस्फो नसेल, तर अँटिबॉडीकडे संशयाने बघणं थांबवा आणि डिशपासून उकळत्या ट्यूबपर्यंतची मिनिटं तपासा. टायरोसीनवरचा फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फटेज पेशीत कायम असतात. पेशी फुटली की ते मोकळे होतात आणि लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) जितका वेळ कोमट राहील तितका वेळ काम करत राहतात. उन्हाळ्यात "जरा बाहेर राहिलं" याचा अर्थ ३७ अंशाला राहिलं, म्हणजे त्यांच्या आवडीच्या तापमानाला.

आधी वेळ बघा. इंटरफेरॉन गॅमा रिसेप्टरला लागला की जॅक-१ आणि जॅक-२ ही एन्झाइमं जागी होतात, ती स्टॅट-१ ला टायरोसीन ७०१ वर फॉस्फेट लावतात, दोन स्टॅट-१ जोडीने केंद्रकात जातात. हे सगळं मिनिटांत होतं. १५ ते ३० मिनिटांना सिग्नल जोरात असतो, काही तासांत उतरतो. रात्रभर इंटरफेरॉन ठेवून सकाळी फॉस्फो शोधला तर तो फिकाच मिळणार. उलट टोटल स्टॅट-१ रात्रभरात वाढलेला असतो, कारण स्टॅट-१ चं जनुक स्वतः इंटरफेरॉनमुळे वाढणाऱ्या जनुकांपैकी आहे. म्हणून टोटलशी तुलना न केलेला फॉस्फोचा ब्लॉट मी ग्राह्य धरत नाही.

मग इनहिबिटर, म्हणजे फॉस्फटेज अडवणारी रसायनं. टायरोसीन फॉस्फटेजसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट, सेरीन-थ्रिओनीनसाठी सोडियम फ्लोराइड. लॅबमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष ऑर्थोव्हॅनाडेटकडे होतं. नुसतं पाण्यात विरघळवून तो काम करत नाही. पीएच १० ला आणायचा, द्रावण पिवळं होतं, ते रंगहीन होईपर्यंत उकळायचं, गार करून पीएच पुन्हा १० ला आणायचा, आणि पिवळा रंग परतेनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. मग छोटे भाग करून उणे २० ला. वापरताना लायसिस बफरमध्ये १ मिलिमोलर. ट्यूब पिवळी दिसली तर तो पुन्हा उकळल्याशिवाय वापरू नका. आणखी एक पेच म्हणजे ईडीटीए आणि डीटीटी ही बफरमधली नेहमीची रसायनं व्हॅनाडेटचा परिणाम घालवतात. आपल्या नेहमीच्या लायसिस बफरमध्ये ईडीटीए आहे का, ते बाटलीवर बघा.

हे सगळं जमवण्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे सरळ उकळत्या सॅम्पल बफरमध्ये पेशी फोडणं. पद्धत अशी: डिश बर्फावर ठेवा. मीडियम पूर्ण ओढून घ्या, गार पीबीएसने एकदा धुवा, तेही पूर्ण ओढून घ्या. आधीच ९५ अंशाला तापवलेला एसडीएसचा (प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटचा) सॅम्पल बफर थेट पेशींवर टाका आणि स्क्रेपरने लगेच गोळा करा. एसडीएसमध्ये फॉस्फटेज क्षणात निकामी होतात. डीएनए बाहेर आल्यामुळे लायसेट पाकाला तार यावी तसा ओढला जातो. तो बारीक सुईच्या सिरिंजमधून काही वेळा ओढून सोडा, किंवा थोडं सोनिकेट करा, मग ५ मिनिटं ९५ अंशाला उकळा. यात प्रथिनाचं माप ब्रॅडफर्डने घेता येत नाही, एसडीएस त्यात अडथळा आणतो, म्हणून प्रत्येक डिशमध्ये पेशी सारख्या मोजून टाका.

हे केल्यावर दुसरं लक्षण असलेले बहुसंख्य ब्लॉट सुधारतात. जुन्या अँटिबॉडीवरच.

इंटरफेरॉनची ट्यूब वारंवार गोठवून-वितळवून निकामी झालेली असू शकते. १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अर्धा तास देऊनही काही नाही, तर नवा छोटा भाग काढून एकदा बघा. पातळ इंटरफेरॉन ट्यूबच्या भिंतीला चिकटतो, तेव्हा साठवताना त्यात बीएसए हवा.

न दिलेल्या लेनमध्ये बँड

हे लक्षण मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये) जास्त दिसतं. पहिला संशय एन्डोटॉक्सिनवर घ्या. एन्डोटॉक्सिन म्हणजे जंतूंच्या आवरणातला एलपीएस; तो मीडियममध्ये आला की मॅक्रोफेज स्वतःच इंटरफेरॉन बीटा सोडतात आणि काही तासांत स्टॅट-१ वर फॉस्फेट दिसू लागतो. ऑटोक्लेव्हने एन्डोटॉक्सिन जात नाही, जंतू मरतात पण एलपीएस उरतो. काचेची भांडी २५० अंशाला अर्धा तास कोरड्या उष्णतेत ठेवावी लागतात, आणि पाणी व सीरम एन्डोटॉक्सिनमुक्त विकत घ्यावं लागतं. दुसरा संशय मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूवर. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, त्यामुळे "पेशी तर छान दिसतात" हा पुरावा होत नाही. पीसीआर करून घ्या.

आता अँटिबॉडी

इतकं सगळं झाल्यावरच फ्रीझरचा दरवाजा उघडा. ५० टक्के ग्लिसेरॉलमध्ये आलेली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, तिचे भाग करायची गरज नसते. ग्लिसेरॉल नसलेली असेल तर आल्या दिवशीच छोटे भाग करा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा फ्रीझर टाळा, तो बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःच तापतो.

आपल्याकडचा खरा धोका रात्री वीज जाण्याचा आहे. वीज गेली, फ्रीझर वितळला, पहाटे वीज आली, पुन्हा गोठला, सकाळी सगळं जागच्या जागी. यावर साधा उपाय: एका छोट्या डबीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा, डबी अँटिबॉडीच्या खोक्याशेजारी ठेवा. नाणं बर्फाच्या आत गेलेलं दिसलं तर मधल्या काळात फ्रीझर वितळला होता. पुढे मग जास्तीत-कमीत तापमान नोंदवणारा थर्मामीटर घ्या, तो फार महाग नाही.

मागवतानाही काळजी घ्या. पुण्या-मुंबईहून निघालेलं पार्सल शनिवारी संध्याकाळी सोलापुरात पोचलं तर सोमवारपर्यंत गोदामात पडून राहतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दिवाळीत आणि मे महिन्यात पाठवणाऱ्याला आधी फोन करून सोमवार-मंगळवारी पाठवायला सांगा. आल्यावर जेलपॅक गार आहेत का ते हात लावून बघा, फोटो काढा, लॉट नंबर वहीत लिहा.

अँटिबॉडी खरंच गेली का, हे ठरवायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. सिग्नल नक्की येतो असं माहीत असलेलं लायसेट, एकाच जेलवर, मेंब्रेन मधोमध कापून एका अर्ध्याला जुना लॉट आणि दुसऱ्याला नवा किंवा उसना आणलेला. म्हणून चांगला बँड आलेलं लायसेट नेहमी छोट्या भागांत साठवून ठेवा. पातळ केलेली प्रायमरी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे बँड फिका पडत जातो, शेवटच्या लक्षणाचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

बँड येतो पण तो खरा फॉस्फो-स्टॅट-१ आहे का, असा प्रश्न असेल तर रक्सोलिटिनिब हे औषध पेशींना द्या. ते जॅक-१ आणि जॅक-२ अडवतं. आधी तासभर ते देऊन मग इंटरफेरॉन दिला तर बँड नाहीसा व्हायला हवा. न झाल्यास तुम्ही दुसरंच काही बघताय. स्टॅट-३ चं वजनही याच्या जवळपासच आहे, हे लक्षात असू द्या. ज्यांना मिळतात त्यांनी स्टॅट-१ नसलेल्या यू३ए पेशी लेनमध्ये लावाव्यात, त्याहून पक्का पुरावा नाही.

कुठे थांबायचं

टाकीला हात लावल्यावर झटका बसला, पॉवर पॅकमधून जळका वास आला, किंवा टाकी गळत असेल, तर त्याच क्षणी बंद. प्लग काढा आणि सर्व्हिस इंजिनिअर बोलवा. स्वतः स्क्रू खोलू नका. फ्रीझर दोनदा वितळलेला दिसला तर फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलवा आणि तोवर सगळं दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये हलवा.

मायकोप्लाझ्मा सापडला तर पेशी वाचवायच्या मागे लागू नका. त्या ऑटोक्लेव्ह करा, इन्क्युबेटर निर्जंतुक करा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून नव्या आणा. पेशी त्याच नावाच्या आहेत का अशी शंका असेल तर एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) बाहेरून करून घ्या, ते घरच्या घरी होणारं काम नाही.

रुग्णाच्या रक्तातल्या पेशींवर हा ब्लॉट लावायला कोणी सांगितलं तर तिथे ठामपणे थांबा. स्टॅट-१ मधल्या दोषामुळे क्षयाच्या कुळातल्या जंतूंचे गंभीर संसर्ग होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांना उत्तर हवं असतं हे मला समजतं. पण या अँटिबॉडी फक्त संशोधनासाठी विकल्या जातात. आपल्या मेंब्रेनवरून कोणाचं निदान ठरू नये. तो नमुना प्रतिकारशक्तीच्या आजारांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त क्लिनिकल लॅबकडेच जायला हवा.

वरचं सगळं करूनही, खात्रीच्या लायसेटवर, नव्या ईसीएलने बँड येत नसेल तर कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला लिहा. त्यांना कापलेला फोटो पाठवू नका. मार्करसकट पूर्ण मेंब्रेन, पाँसोचा फोटो, टोटल स्टॅट-१ चा ब्लॉट, पेशींचं नाव, इंटरफेरॉनची प्रजाती, मात्रा आणि वेळ, ब्लॉकिंग, डायल्यूशन, लॉट नंबर, आणि पार्सल आलं त्या दिवशीचा जेलपॅकचा फोटो, हे सगळं एकाच मेलमध्ये पाठवा. लॉट खराब निघाला तर बदलून मागताना हेच कामी येतं.